यादीवर सही नव्हती

खराट्याच्या काठीला मोबाइल बांधला होता. मोबाइलवर प्लास्टिकची पिशवी, पिशवीला रबर. ती काठी शाळेच्या खिडकीच्या गजांतून बाहेर आली आणि माझ्या तोंडापासून वीतभर अंतरावर थांबली.

"बोल," आतून पालिकेचे साहेब म्हणाले.

मी चुन्याने आखलेल्या गोलात उभा होतो. चपला गेटबाहेर काढायला लावल्या होत्या. उन्हाळा संपत आला होता, पण फरशी तापलेली होती. माझ्या हातात एक कागद होता. त्यावर सात नावं, प्रत्येकापुढे गल्ली आणि खोली नंबर. ही आमच्या भागातली, साथीत आजारी पडलेली माणसं होती. त्यांची नावं मला मोबाइलमध्ये बोलायची होती. मग ती रिक्षावरच्या भोंग्यातून गल्लोगल्ली वाजणार होती.

मी पहिलं नाव वाचलं.

"मोठ्याने," साहेब म्हणाले. "तुमच्या लोकांना हळू बोललेलं कळत नाही. आणि अहिराणीत बोल. उगाच शुद्ध बोलायला जाऊ नकोस, जमत नाही ते."

साहेब मराठीच होते. त्यांचे वडील बँकेच्या नोकरीत सुरतला आले होते, असं नंतर कळलं. त्यांची मराठी पुस्तकात असते तशी होती.

काठी थोडी पुढे आली आणि पिशवी माझ्या ओठाला लागली. आत कोणीतरी "अरे अरे" म्हणालं. काठी झटकन मागे गेली. साहेबांनी पिशवी बदलायला सांगितली. जुनी पिशवी चिमट्याने धरून बादलीत टाकली. नवी पिशवी सापडेपर्यंत मी गोलात उभा होतो. तळपाय भाजत होते म्हणून एकेक पाय उचलत होतो.

"नाचतोय बघा," आतून आवाज आला. दोघंतिघं हसले.

त्या दिवशी मी याला अपमान म्हटलं नाही, हे आधी सांगितलं पाहिजे. मला वाटलं, सरकारला आपली गरज पडली. घरी जाऊन बायकोला तसंच सांगितलं.

सुरतच्या लिंबायत भागातली आमची गल्ली अर्धी धुळ्याची, अर्धी नंदुरबारकडची. बहुतेक पुरुष लूमवर, म्हणजे यंत्रमागावर. मी कापड मार्केटमध्ये साड्यांच्या घड्या घालायचो. पण गल्लीत माझी ओळख वेगळी होती. लग्नात आहेर मी पुकारायचो. आमच्याकडे आहेर गुपचूप हातात देत नाहीत. माइकवरून नाव घेतात. अमुक गावचे अमुक भाऊ, त्यांच्याकडून नवरदेवाच्या वडिलांना टॉवेल-टोपी. नाव पुकारलं की तो माणूस मांडवात कुठेही बसलेला असो, मान थोडी वर करतो. बारा तास लूमच्या खडखडाटात त्याला कोणी नावाने हाक मारत नाही. त्या दिवशी त्याचं नाव सगळ्या गल्लीला ऐकू जातं.

या कामाला एक नियम आहे. माझ्या वडिलांनी तो मला शिकवला. ते माझ्या आधी आहेर पुकारायचे. नाव चुकलं, गाव चुकलं, तर त्याच माइकवरून, लोक मांडवातून उठायच्या आत दुरुस्त करायचं. नंतर घरी जाऊन पाय धरले तरी उपयोग नाही. चूक जेवढ्यांनी ऐकली तेवढ्यांनी दुरुस्ती ऐकली पाहिजे.

साहेबांना माझ्याबद्दल कोणीतरी हेच सांगितलं असणार. कारण तेव्हा गल्लीत कोणी कशावर विश्वास ठेवत नव्हतं. तपासायला नेतात आणि परत आणत नाहीत, असं घराघरांत बोललं जात होतं. भिंतीवर चिकटवलेली पत्रकं लोक फाडत होते. पांढऱ्या पोशाखातली माणसं आली की दारं बंद व्हायची. माझा आवाज फिरायला लागल्यावर दारं उघडली. "आपलाच माणूस सांगतोय," असं लोक म्हणाले. मी ते ऐकलं आणि मला बरं वाटलं.

दर दोन दिवसांनी मी शाळेत जायचो. चुन्याचा गोल, काठी, पिशवी. नवीन नावं बोलायचो. ती जुन्या नावांना जोडून एका पेन ड्राइव्हवर टाकली जायची. जुनी नावं कोणी काढत नव्हतं. रिक्षा सकाळी एकदा आणि दुपारी चारला एकदा फिरायची.

एक दिवस यादीत नाव आलं, हिलाल. खोली नंबर नऊ. काम, लूम कारागीर.

मी थांबलो.

हिलाल माझ्या समोरच्या खोलीत राहायचा. तो लूमवर जात नव्हता. तीन वर्षांपूर्वी त्याच्या उजव्या हाताची बोटं पट्ट्यात सापडली. तेव्हापासून तो भाजीची गाडी ढकलायचा. त्याच्या जागेवर त्याच्याच खोलीत राहणारा धाकटा भाऊ दगा उभा राहिला, हिलालच्या नावाने. लूमवर हे नेहमी चालतं. एक भाऊ गावी गेला की दुसरा त्याच्या नावावर पाळी भरतो. हजेरीत नाव बदलायला गेलं तर मास्तर, म्हणजे तिथला मुकादम, नवा माणूस धरतो आणि जागा जाते. म्हणून दगाने नाव बदललं नाही. तीन वर्षं कारखान्यात त्याला सगळे हिलालच म्हणत होते. टाळेबंदीनंतर लूम पुन्हा सुरू झाले, तेव्हा कारखान्याच्या फाटकावर तपासणी झाली. नाकात काडी घालणाऱ्याने नाव विचारलं. दगाने तिथे चालणारं नाव सांगितलं.

गल्लीत हे सगळ्यांना माहीत होतं. गल्लीबाहेर कोणालाच नव्हतं.

"काय झालं?" साहेबांनी विचारलं.

"साहेब, हे नाव चुकलेलं वाटतं. एकदा तपासा."

"तुला डॉक्टर नेमलाय का?"

"नाही साहेब. पण हा माणूस..."

"तू ऐकवायला आहेस. विचारायला नाहीस. वाच."

मी पुढे बोललो असतो तर दगाची जागा गेली असती. तीन महिने बंद राहिलेले लूम नुकतेच सुरू झाले होते. भाजीच्या गाडीवर भागत नव्हतं, हिलालच्या घरातली चूल त्या पाळीवरच पेटायची. हे सगळं माझ्या मनात त्या गोलात उभं असताना आलं. हे कारण खरं आहे. पण ते एकटं नव्हतं. मला काठी पुन्हा मागे जायला नको होती. मला साहेबांच्या मर्जीतून उतरायचं नव्हतं. हेही खरं आहे.

मी वाचलं. "हिलाल भाऊ, खोली नंबर नऊ. त्यासना घर जाऊ नका. त्यासले हात लावू नका."

दुसऱ्या दिवशी सकाळी आजाऱ्यांना न्यायची गाडी आली. दगा पाळीवर गेला होता. त्याच्या अंगात थोडी कणकण होती, ती त्याने कोणाला सांगितली नव्हती. गाडीतल्या माणसाने विचारलं, "हिलाल कोण?" हिलालने आधार कार्ड दाखवलं. नाव जुळलं, खोली जुळली. मी माझ्या दारात उभा होतो. हिलालने मला जवळ येऊ नको अशी खूण केली आणि हसला.

"जाऊ दे भो," तो म्हणाला. "चौदाच दिन शेत. दगानं लूम जावाले नको."

मी म्हणालो, "मी साहेबांना सांगतो."

"काय सांगशी? सांगं तं दगा घर बठी. तठे दोन टाइम आयतं जेवन देतस म्हने. जरा आराम करी येस."

वत्सलावैनी, त्याची बायको, दारातून म्हणाली, "आराम कराले चालना! गाडीवरना टमाटा कोण ईकी?"

"तू ईक. तुन्हा आवाज मन्हापेक्षा मोठा शे."

गाडीचा दरवाजा बंद झाला. हिलालचं समोरासमोरचं शेवटचं बोलणं हे. तोंडाला बांधलेला गमछा, आणि टमाट्यांबद्दलची थट्टा.

त्याला एका मोठ्या हॉलमध्ये ठेवलं. तिथे खाटा शेजारी शेजारी होत्या. तो धडधाकट आत गेला. पाचव्या दिवशी त्याला ताप आला, असं त्याने फोनवर सांगितलं. नवव्या दिवसापासून फोन लागेना. बाराव्या दिवशी वत्सलावैनीला फोन आला. प्रेत दिलं नाही. दगा आणि मी स्मशानात दूर एका भिंतीपाशी उभे राहिलो. गुंडाळलेलं काहीतरी आत गेलं. ते हिलालच होतं असं आम्हाला सांगण्यात आलं.

दगाला मुळात जो आजार होता, तो खोलीत पडून बरा झाला. हिलाल मेला हे कारखान्यात कळलं. मेलेल्या माणसाची हजेरी लागत नाही. दगाची जागा तशीही गेली.

हिलाल गेल्याच्या तिसऱ्या दिवशी दुपारी मी जेवत होतो. चार वाजले होते. गल्लीच्या तोंडाशी रिक्षा वळली आणि माझा आवाज आला. मी ताटावर बसलेलो आणि माझा आवाज गल्लीतून पुढे पुढे येत होता. एकेक नाव. मग, "हिलाल भाऊ, खोली नंबर नऊ. त्यासना घर जाऊ नका. त्यासले हात लावू नका."

बायकोने माझ्याकडे पाहिलं नाही. तिने उठून खिडकी लावली.

आमच्याकडे मयताच्या घरी बसायला जातात. बोलायचं काही नसतं, नुसतं जाऊन बसायचं. पहिले काही दिवस त्या घरात चूल पेटू देत नाहीत, शेजारचे भाकरी नेतात. नऊ नंबरच्या खोलीत कोणी गेलं नाही. भीती होतीच. पण मी सकाळ-दुपार सांगत होतो, जाऊ नका. माझ्या आवाजावर लोकांचा विश्वास होता.

सहाव्या दिवशी मी गेलो. उंबऱ्याबाहेर बसलो. वत्सलावैनी आत भिंतीला टेकून होती. ती उंबऱ्याकडे वळली. मग म्हणाली, "भाऊ, तुन्हा आवाज घरमा येस. दार लायं तरी येस."

मी उंबऱ्याजवळ सरकलो.

"तो गया, हाई तुले माहीत शे ना?"

"हो वैनी."

"मंग त्याले सांग ना. तुन्हा आवाजले."

दुसऱ्या दिवशी मी बोलावलेलं नसताना शाळेत गेलो. चुन्याचा गोल पुसट झाला होता. मी त्यात उभा राहिलो नाही, खिडकीशी गेलो. साहेब फोनवर होते. त्यांनी मला हाताने मागे सरकवलं आणि बोलत राहिले. फोनवर ते गुजराती बोलत होते. "ना ना, तमारी सोसायटीनुं कोई नाम बहार नहि जाय. निश्चिंत रहो."

टेबलावर दोन कागद होते. एक आमच्यासारखा, नावांचा. दुसऱ्यावर वरती एका सोसायटीचं नाव आणि खाली फक्त आकडा. माणसांची नावं नव्हती, फ्लॅट नंबर नव्हते.

फोन ठेवल्यावर मी सांगितलं, हिलालला आजार नव्हता. भावाच्या जागी त्याला नेलं. तो मेला. आता त्याचं नाव पुकारणं बंद करा. आणि चुकीचं नाव गेलं होतं, असं त्याच भोंग्यावरून सांगा.

या वेळी मी सगळं सांगितलं. आता दगाचं जायचं काही उरलं नव्हतं. हे सगळं वेळेवर बोललो असतो तर, हा विचार मी तेव्हापासून रोज करतो. तो करून संपत नाही.

साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं. ते ओरडले नाहीत.

"हे बघ," ते म्हणाले, "यादी एकदा गेली की गेली. उद्या आपण चूक झाली म्हणून सांगितलं, तर परवा यादीवर कोण विश्वास ठेवेल? लोकांचा विश्वास टिकवावा लागतो."

"साहेब, त्या सोसायटीची नावं कोण वाचतं?"

त्यांनी टेबलावरचा तो कागद उलटा करून ठेवला.

"ती सुशिक्षित माणसं आहेत. त्यांना खाजगी आयुष्य असतं."

"आणि आम्हाला?"

"तुम्हाला ओरडून सांगावं लागतं. म्हणून तर तुला बोलावलं." त्यांनी नवीन यादी गजांतून पुढे केली. "काठी आणतात. वाच."

मी कागद घेतला. आजवर मी फक्त नावं पाहिली होती. त्या दिवशी पूर्ण कागद पाहिला, वरपासून खालपर्यंत. नावं होती, खोल्या होत्या, गल्ल्या होत्या. कोणी यादी केली ते नव्हतं. कोणी तपासली ते नव्हतं. शिक्का नव्हता. सही नव्हती. महिनाभर आधी मला एक प्रमाणपत्र मिळालं होतं, 'योद्धा' म्हणून. ते त्यांनी खिडकीच्या कठड्यावर ठेवलं होतं आणि मी उचललं होतं. त्यावर दोन सह्या होत्या, रंगीत शिक्का होता.

मी कागद खिडकीत परत ठेवला आणि निघालो.

चार वाजता रिक्षा आमच्या गल्लीत वळली. रिक्षावाला ओळखीचा होता, लग्नात माझा भोंगा तोच वाहायचा. मी आडवा उभा राहिलो. त्याने ब्रेक मारला. मी मागे गेलो आणि मशीनमधला पेन ड्राइव्ह ओढून काढला. माझा आवाज एका नावाच्या मधोमध तुटला.

गल्ली एकदम शांत झाली. लोकांना वाटलं मशीन बिघडलं. खिडक्यांतून माणसं डोकावली.

"माइक दे," मी म्हणालो.

"भो, मन्ही रिक्षा जाई," तो म्हणाला.

"नाव मन्हं सांग."

त्याने माइक दिला. मी किती तरी लग्नांत माइक धरला होता. त्या दिवशी माझीच चूक दुरुस्त करायला धरला.

"ऐका भो. हिलाल भाऊले बिमारी नव्हती. यादीमा चुकीनं नाव ऊनं. माले माहीत व्हतं, तरी मी वाचं. चूक यादीनी शे आन् मन्ही शे. हिलाल भाऊ आते नही. त्याना घर जा. वैनीजोडे बठा."

तीन वेळा सांगितलं. आहेर दुरुस्त करताना एकदा सांगतात. मग रिक्षा चालवायला लावली आणि ज्या ज्या गल्लीत ती रोज जायची तिथे जाऊन पुन्हा सांगितलं. पाचव्या गल्लीत पोलिसांची गाडी आली.

त्या संध्याकाळी नऊ नंबरच्या खोलीबाहेर काही बाया येऊन बसल्या. तोंडाला पदर लावून, अंतर ठेवून. कोणीतरी भाकरी आणल्या होत्या. मी माझ्या दारातून पाहिलं. तिकडे गेलो नाही.

दुसऱ्या दिवशी मला शाळेत बोलावलं. पहिल्यांदा खोलीच्या आत घेतलं. साहेब, एक हवालदार आणि टेबलावर एक टाइप केलेला कागद. मी अफवा पसरवली, मला पश्चात्ताप आहे, मी माफी मागतो. खाली माझं नाव छापलेलं, सहीसाठी रेघ आखलेली.

"सही कर आणि जा," साहेब म्हणाले. "नाहीतर साथीच्या कायद्याखाली गुन्हा. कोर्टाचे खेटे घालशील."

"यादीवर सही कोणाची आहे?" मी विचारलं.

"काय?"

"यादीवर तुम्ही सही करा. मग मी यावर करतो."

हवालदार हसला. साहेब हसले नाहीत. मग त्यांनी या कामासाठी दिलेलं माझं ओळखपत्र मागितलं, मी गळ्यातून काढून दिलं. त्यांनी ते घेताना हातात मोजे घातले.

मला दोन दिवस चौकीत बसवून ठेवलं. गुन्हा नोंदवला नाही. तो नोंदवला असता तर यादी कोर्टात आणावी लागली असती, हे मला नंतर एका वकिलाने सांगितलं.

साथ ओसरल्यावर मी माहितीच्या अधिकारात अर्ज केला. आमच्या भागातली कोणती नावं भोंग्यावरून पुकारायची आणि कोणती नाही, हे कोणी ठरवलं? त्या याद्यांच्या प्रती द्या. उत्तर एका ओळीचं आलं. अशी कोणतीही यादी या कार्यालयात उपलब्ध नाही.

मी ते उत्तर वत्सलावैनीला वाचून दाखवलं. तिने विचारलं, "मंग तू काय वाचत व्हता?"

यादी नाही. यादी करणारा नाही. सोसायटीचा आकडा असलेला कागद नाही. उरलाय तो फक्त तो पेन ड्राइव्ह. तो पोलिसांनी मागितला नाही, मीही दिला नाही. तो डब्यात आहे, हळदीकुंकवाच्या पुड्यांखाली. मी तो एकदाही लावून ऐकलेला नाही. ऐकायची गरज नाही. चार वाजले की तो आपोआप वाजतो, गल्लीच्या तोंडापासून, पुढे पुढे येत. मी हातातलं काम थांबवतो. नऊ नंबरपर्यंत येऊन तो जातो. मग मी काम सुरू करतो.

लग्नात मी आता आहेर पुकारत नाही. लोक बोलावतात. मी जाऊन बसतो, जेवतो, येतो.

मागच्या महिन्यात मला पुन्हा बोलावणं आलं. वेगळं कार्यालय, वेगळे साहेब, तरुण. रस्ता रुंद करायचा आहे. कोणाची घरं जाणार आणि कोणाला बदली घर मिळणार, याची यादी आहे. लोक नोटीस घेत नाहीत. साहेबांनी मला खुर्ची दिली, चहा मागवला.

"लोकांचा तुमच्या आवाजावर विश्वास आहे, असं ऐकलं," ते म्हणाले.

मी यादी हातात घेतली. वरपासून खालपर्यंत पाहिली. आमच्या गल्लीतली नावं होती. वत्सलावैनीची खोली होती, अजून हिलालच्या नावावर. खाली जागा कोरी होती.

मी खिशातून पेन काढलं आणि यादीवर ठेवलं.

"इथे तुमचं पूर्ण नाव लिहा," मी म्हणालो. "हुद्दा लिहा. सही करा. याची एक प्रत माझ्याकडे राहील. नाव चुकीचं निघालं तर तीच रिक्षा, तोच भोंगा, तीच गल्ली. आणि तेव्हा माइक माझ्या हातात नसेल, तुमच्या असेल."

ते म्हणाले, "अहो काका, अशी पद्धत नाही."

"आमच्यात आहे," मी म्हणालो.

त्यांनी पेनकडे पाहिलं, उचललं नाही. वरिष्ठांना विचारतो म्हणाले. मी यादी तिथेच ठेवून आलो. पेनही तिथेच ठेवलं.

अजून बोलावणं आलेलं नाही. ते दुसरा आवाज शोधतील, मिळेलही. ज्या दिवशी त्यांची रिक्षा गल्लीत वळेल, त्या दिवशी मी पुन्हा आडवा उभा राहणार आहे. कोणाचंही नाव वाजण्याआधी विचारणार आहे, सही कोणाची. उत्तर मिळेपर्यंत रिक्षा पुढे जाणार नाही.